राधिका वागळेचं घर: भारती आचरेकर, दूरदर्शन आणि आपलं नागपूर

ज्यांना मेट्रोच्या गर्दीत किंवा ऑफिसात ऐकणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. माझे 'अं... म्हणजे...' तेवढे काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मागे आपण सीताबर्डीच्या लढाईवर बोललो, भोसल्यांवर बोललो. आज एका कॉमेडी मालिकेवर बोलायचंय. काही जण म्हणतील, हा कसला इतिहास बे? त्यांना आधी एक छोटी परीक्षा.

ऐंशीच्या दशकातल्या टीव्हीवरचे तीन विनोदी पुरुष आठवा. 'ये जो है ज़िंदगी'मध्ये दर भागात वेगळं सोंग घेऊन येणारे सतीश शाह. त्याच मालिकेतले राकेश बेदी. 'करमचंद'मधला गाजर खाणारा पंकज कपूर. झाले की नाही पटापट?

आता तीन विनोदी बायका आठवा.

हं. इथे गाडी अडकते. आणि जी आठवते ती कशी आठवते तेही बघा. 'करमचंद'मधल्या किटीचं काम सुष्मिता मुखर्जी यांनी केलं होतं, आणि लोकांच्या तोंडी आजही काय आहे, तर 'शट अप किटी!' म्हणजे हसवणारी बाई लक्षात राहिली, ती तिला 'गप्प बस' म्हटलं गेलं म्हणून.

आज मला अशा एका बाईबद्दल बोलायचंय जिला कुणी 'गप्प बस' म्हटलं नाही. 'वागले की दुनिया'मधली राधिका वागळे, म्हणजेच भारती आचरेकर.

मी मालिका लागायची तेव्हा जन्मलोही नव्हतो. दिवसा कोड लिहितो, रात्री यूट्यूबवर जुन्या धूसर क्लिपा बघत बसतो, हा आपला छंद. पण या मालिकेशी माझं नातं यूट्यूबच्या आधीचं आहे. ते मध्ये सांगतो. आधी थोडा भूगोल.

मुंबईचा टीव्ही आणि नागपूरचा टीव्ही

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्याच वर्षी पुण्यालाही तिथले कार्यक्रम दिसायला लागले. मराठी टीव्हीच्या आठवणी निघाल्या की मुंबई-पुण्याची मंडळी कशावर बोलतात? 'गजरा'. 'चिमणराव आणि गुंड्याभाऊ', म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. चिं. वि. जोशींची पात्रं घरात चालत-बोलत आली, रस्ते ओस पडायचे वगैरे.

आता तुमच्या घरातल्या साठी-सत्तरीच्या माणसाला विचारा. अस्सल नागपूरकर असेल तर सत्तरच्या दशकातला 'गजरा' त्यानं नागपुरात बसून पाहिलेला नसणार. कारण साधं आहे. टीव्हीच्या टॉवरचा पल्ला साधारण शंभर किलोमीटरचा आणि मुंबई आपल्यापासून आठशे किलोमीटरवर. सिग्नल काही विदर्भ एक्स्प्रेसनं येत नाही.

आपल्याकडे टीव्ही खऱ्या अर्थानं आला तो ऐंशीच्या दशकात. १९८२ मध्ये दिल्लीत एशियाड झालं, त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंगीत टीव्ही आला आणि गावोगाव छोटे ट्रान्समीटर उभे राहू लागले. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेला आणि हे जाळं पसरत गेलं. सेमिनरी हिल्सवरचं आपलं केंद्रही याच पसाऱ्यातलं.

याचा परिणाम काय झाला, तर नागपूरच्या मराठी घरांची टीव्हीशी पहिली ओळख हिंदीतून झाली. 'हम लोग', 'बुनियाद', 'रजनी', 'नुक्कड', मग 'रामायण'. पुण्याच्या माणसाला हे थोडं विचित्र वाटेल, आपल्याला नाही. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. आजही आपण ऑटोवाल्याशी हिंदीत घासाघीस करतो, घरी फोन करून मराठीत सांगतो, 'येऊन राहिलो,' आणि मित्राला दोन्ही मिसळून शिव्या देतो. एका कानानं हिंदी आणि दुसऱ्या कानानं मराठी ऐकायची आपल्याला सवयच आहे.

आणि 'वागले की दुनिया' ही नेमकी अशा दोन कानांनी ऐकायची मालिका होती.

वागळे आले कुठून?

मालिका १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर लागायची. पात्रं आर. के. लक्ष्मण यांची. हो, तेच, चौकड्यांचा कोट आणि धोतरातला 'कॉमन मॅन' काढणारे. त्यांचे थोरले भाऊ आर. के. नारायण यांचं 'मालगुडी डेज' त्याआधी दोनेक वर्षं टीव्हीवर येऊन गेलं होतं आणि त्यातली रेखाटनं लक्ष्मण यांचीच होती. दिग्दर्शक होते कुंदन शाह. 'जाने भी दो यारों' यांचाच. एका भागात एक नवखा पोरगा येऊन गेला, त्याचं नाव शाहरुख खान. ही ट्रिव्हिया तुम्ही रीलमध्ये पाहिली असेलच, म्हणून पुढे जाऊया.

मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते वागळेंच्या घराचं गणित.

वागळे हे आपल्याकडचं आडनाव. पण लक्ष्मण मैसूरचे. वागळेंचं काम करणारे अंजन श्रीवास्तव कोलकात्याचे. गंमत म्हणजे ते तेव्हा खऱ्या आयुष्यातही बँकेत नोकरी करायचे, त्यामुळे पगारदार माणसाचा खांदा कसा झुकतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मालिकेची भाषा हिंदी, प्रेक्षक अख्खा भारत. मग हे घर आपल्या आई-मावशीला मराठी का वाटलं?

माझं उत्तर: दोन बायकांमुळे.

पहिली पडद्यामागे. मालिकेची निर्मिती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. दुर्गाबाई म्हणजे १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मधली तारामती. चांगल्या घरच्या बाईनं सिनेमात काम करणं म्हणजे बदनामी, अशा काळात ती बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. नंतर तिनं स्वतःची निर्मिती संस्था काढली, लघुपट केले, जाहिराती केल्या. 'वागले' पडद्यावर आली तेव्हा दुर्गाबाईंनी ऐंशी ओलांडली होती. आणि हेही सांगून ठेवतो, हिंदी सिनेमातली एक फार मोठी विनोदी अभिनेत्री याच घरातली. मेहमूदबरोबर धमाल करणाऱ्या शुभा खोटे या दुर्गाबाईंच्या सासरच्या नात्यातल्या, दिराची मुलगी.

दुसरी बाई पडद्यावर. भारती आचरेकर.

राधिका नेमकं करते काय?

राधिका वागळे या पात्राचं वर्णन करायला गेलं तर हाती काहीच लागत नाही. गृहिणी. नवरा, मूल, स्वयंपाकघर, महिनाअखेर. तिचा ठरलेला पंचलाइन नाही. वेडावाकडा मेकअप नाही. ती पडत नाही, किंचाळत नाही.

हे किती वेगळं होतं ते कळायला मागे जावं लागतं. हिंदी सिनेमातली पहिली गाजलेली विनोदी नटी टुनटुन. मूळ नाव उमादेवी, चाळीसच्या दशकात गायिका म्हणून नाव कमावलेली. पण पडद्यावर तिच्या वाट्याला काय आलं, तर तिचा जाडेपणा. ती आली की खुर्ची मोडणार, ती प्रेमात पडली की हिरो पळणार. बाई प्रचंड गुणी होती, पण विनोद तिच्या शरीरावर. आणि आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, पुढे व्हॉट्सॲपवर जो विनोद फिरत राहिला तो 'बायको'वरचा. बायको खर्च करते, बायको डोकं खाते, बायको माहेरी गेली की पार्टी. विनोद करणारा पुरुष, हसणारा पुरुष आणि ज्याच्यावर हसायचं ती वस्तू म्हणजे बायको.

राधिकाच्या बाबतीत हे होत नाही. वागळे बाहेरच्या जगातून मार खाऊन घरी येतात. साहेब, रांग, बस, शेजारी, कुणी ना कुणी त्यांची फजिती केलेली असते. घरी येऊन ते आपली बाजू जरा सजवून सांगतात. आणि राधिका ऐकते.

हे 'ऐकणं' मी एकदा अर्ध्या स्पीडवर पाहिलं. हसू नका, आमच्या धंद्यात एखादी गोष्ट कुठे अडकते ते बघायला असंच हळू करून पाहावं लागतं. नवरा बोलत असतो आणि तिचे हात कामात असतात. तिला थाप कळते. हात अगदी क्षणभर थांबतो. नजर वर जाते, परत खाली येते, हात पुन्हा चालू. मग ती बोलते, आणि बोलते ते अगदीच साधं, रोजचं वाक्य. हसू येतं ते त्या वाक्याचं नसतं, आधीच्या थांबलेल्या हाताचं असतं. प्रेक्षकाला कळतं की तिला कळलंय. वागळेंना कळत नाही की तिला कळलंय. सगळा विनोद त्या फटीत राहतो.

आणि ती फट भारतीताई नेमकी ठेवतात. जराशी मोठी झाली तर टोमणा होईल, जराशी छोटी झाली तर नुसती सहनशील बायको. दोन्हीकडे न जाता तिथेच उभं राहणं, आणि तेही भागामागून भाग, हे सोपं काम नाही. ज्यांनी कॉलेजच्या एकांकिकेत एक पॉज घेऊन पाहिलाय आणि प्रेक्षकांतून खोकला ऐकलाय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

आणखी एक गोष्ट. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' आयुष्यभर एक शब्द बोलला नाही. १९५१ पासून तो नुसता बघत उभा होता. टीव्हीवर मात्र नुसतं बघून भागत नाही, तिथे माणसाला बोलावं लागतं, आणि बोलायला समोर कुणीतरी लागतं. बाहेरच्या जगात सामान्य माणसाचं कोण ऐकतं? मला वाटतं, मालिकेनं वागळेंना जो आवाज दिला तो राधिकेच्या ऐकण्यामुळे शक्य झाला. म्हणून ती 'वागळेंची बायको' इतकीच नाही. तिच्याशिवाय वागळे परत मुके होतील.

त्याच काळात प्रिया तेंडुलकरांची 'रजनी' होती. १९८५ ची. रजनी भांडायची, गॅसवाल्याला, टॅक्सीवाल्याला, सगळ्यांना जाब विचारायची. लोकांना ती फार आवडली, आवडायलाच हवी. पण रजनी व्हायची हिंमत सगळ्यांत नसते. राधिका व्हायला हिंमत लागत नाही, तिथे दुसरंच काही लागतं. आणि इथे मला माझ्या आजीबद्दल सांगायचंय.

'नाव घेता येत नव्हतं'

आजी म्हणजे आईची आई. राहायची महालात, दोन खोल्यांत. आजोबा सरकारी कार्यालयात लिपिक. शेजाऱ्यांकडे जाऊन टीव्ही बघण्यात बरीच वर्षं गेली, मग हप्त्यानं एक शटरचा ब्लॅक अँड व्हाइट आला. आई तेव्हा दहावीत.

त्या घरात एक नियम होता, जो कुणी कधी सांगितला नव्हता. पैशाचा विषय आजीनं काढायचा नाही. आजोबा स्वभावानं दिलदार. कुणी मित्र अडला की हातउसने देऊन मोकळे. घरी मात्र कालनिर्णयच्या पानावर दुधाचा हिशोब लिहिता लिहिता आजीला कळायचं की वीस तारखेनंतर काही खरं नाही. ती बोलायची नाही. भाजीला पाणी वाढायचं आणि आजी गप्प व्हायची. आई सांगते, त्या गप्प बसण्याची भीती भांडणापेक्षा जास्त वाटायची.

तुम्हाला माहीतच आहे, त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. घेतलंच तर उखाण्यात, वर्षातून एकदोनदा, सगळ्यांच्या आग्रहावर. एरवी 'अहो', नाहीतर 'ऐकलं का'.

मग घरात 'वागले' सुरू झाली. सगळे एकत्र बघायचे. आणि एका संध्याकाळी आजोबांनी खिशातून नेहमीपेक्षा कमी पैसे काढून ठेवले, कुणाला तरी दिले होते, तेव्हा आजी ताटं घेता घेता म्हणाली, "अहो वागळे, अजून दहा दिवस जायचे हायेत बरं महिन्याचे."

आई सांगते, दोन सेकंद कुणी काही बोललं नाही. मग आजोबाच हसायला लागले. आजी पण. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं घरात 'वागळे' हा शब्द चालला. छत्री विसरून आले, 'आले वागळे'. साहेबांनी झापलं, 'काय झालं आज वागळेंचं?' आणि पैशाचा विषयही त्याच दारानं आत आला. पुढे आजोबा पगाराचं पाकीट आणून आजीच्या हातात द्यायला लागले. एका मालिकेनं हे केलं असं मी म्हणणार नाही. आजोबा मुळात चांगलेच होते. पण बोलायला दार लागतं, आणि ते दार तिला त्या मालिकेत सापडलं.

या भागाची तयारी करताना मी आजीला फोन करून विचारलं, की तुला राधिका वागळे आठवते का. ती म्हणाली, "आठवत नाही तं काय! मले यांचं नाव घेता येत नव्हतं, पन वागळे म्हनता येत होतं."

बस. मी जे वीस मिनिटं समजावून सांगतोय ते तिनं एका वाक्यात सांगितलं.

विनोदाचं काम असंही असतं. रजनीसारखा जाब विचारणं आजीला जमलं नसतं, तिला ते करायचंही नव्हतं. तिला नवऱ्याशी भांडायचं नव्हतं, बोलायचं होतं. आणि कसं बोलायचं, कुठे थांबायचं, हसू कुठे ठेवायचं, याचा नमुना तिला पडद्यावरच्या एका बाईनं दाखवला.

सूर कुठून आला?

आता भारती आचरेकर यांच्याकडे परत येतो. ही बाई आली कुठून?

आई माणिक वर्मा. शास्त्रीय संगीत, नाट्यगीतं, भावगीतं, सगळीकडे ज्यांचा आवाज पोचला त्या. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं तेव्हा सीतेची गाणी त्यांनी गायली होती. १९७४ मध्ये पद्मश्री. घरात चार मुली. भारती, वंदना, राणी आणि अरुणा. वंदना म्हणजे वंदना गुप्ते. २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'ला तुम्ही आईला, मावशीला, काकूला घेऊन गेला असाल, त्यातल्या बहिणींपैकी एक. म्हणजे गाणाऱ्या आईच्या घरातून मराठीला दोन हसवणाऱ्या लेकी मिळाल्या.

गाण्याच्या घरात वाढलेल्या माणसाला समेवर कसं यायचं ते कळतं, असं आपलं माझं मत. विनोदातही तेच असतं. शब्द सगळ्यांना माहीत असतो, तो कधी टाकायचा हे थोड्यांना कळतं.

रंगभूमीवर भारतीताई विजया मेहतांच्या तालमीत तयार झाल्या. 'हमीदाबाईची कोठी' या नाटकात त्या होत्या, आणि त्या नाटकाचा संच बघा: विजयाबाई स्वतः, नीना कुलकर्णी, नाना पाटेकर, अशोक सराफ. ते काही विनोदी नाटक नाही, कोठीवरच्या बायकांची दुःखाची गोष्ट आहे. मला हे महत्त्वाचं वाटतं. राधिकेच्या हसऱ्या चेहऱ्यामागे जे वजन आहे ते अशा कामातून आलेलं असणार.

सिनेमात १९८६ चा 'चमेली की शादी' आठवा, बासू चॅटर्जींचा. त्यात पंकज कपूर कल्लूमल कोळसेवाला आणि भारतीताई त्याची बायको, चमेलीची आई. इथे त्या अगदी उलट टोकाला. ठसकेबाज, मोठ्या आवाजाची. हे पाहिलं की कळतं, राधिकेचा शांतपणा हा स्वभाव म्हणून आलेला नाही, तो निवडलेला आहे. मोठा आवाज काढता येत असताना लहान ठेवलेला आवाज.

वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी

तुमच्यापैकी निम्म्यांनी 'वागले' पाहिली नसेल, पण 'द लंचबॉक्स' पाहिला असेल. २०१३ चा, रितेश बत्रांचा. इरफान खान, निमरत कौर, नवाजुद्दीन सिद्दीकी. त्यात निमरत कौरच्या घराच्या वर एक देशपांडे आंटी राहतात. खिडकीतून ओरडून स्वयंपाकाचा सल्ला देतात, दोरीनं टोपली सोडून मसाले पाठवतात. अख्ख्या सिनेमात त्या एकदाही दिसत नाहीत. फक्त आवाज.

तो आवाज भारती आचरेकर यांचा.

पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सिनेमा परत लावला. १९८८ मध्ये या बाईनं थांबलेल्या हातातून, वर गेलेल्या नजरेतून हसवलं होतं. इथे तिच्याकडे ना हात, ना डोळे. राहिला फक्त आवाज आणि टायमिंग. तरी आपल्याला आंटी दिसतात. त्यांचं घर दिसतं, पदर खोचलेला दिसतो.

आणि विनोदाच्या खाली काय आहे ते बघा. आंटींचा नवरा अनेक वर्षं अंथरुणाला खिळलेला, वर फिरणाऱ्या ओरिएंट पंख्याकडे टक लावून पडलेला. पंखा थांबला तर नवऱ्याचं काही बरंवाईट होईल या भीतीनं आंटी तो चालू पंखाच पुसतात. हे ऐकताना आधी हसू येतं. मग एका क्षणी ते हसू घशात अडकतं. आंटी मात्र त्याच सुरात पुढे मसाल्याबद्दल बोलायला लागतात. दया मागत नाहीत.

राधिका वागळे आणि देशपांडे आंटी, दोघी मराठी आडनावाच्या, दोघी हिंदी बोलणाऱ्या, दोघी घरात. मधे पंचवीस वर्षं. आणि दोघींचं काम एकच, खालच्या किंवा समोरच्या माणसाचं ऐकायचं आणि योग्य वेळी एक साधं वाक्य टाकायचं.

२०२१ मध्ये सोनी सबवर 'वागले की दुनिया' नव्यानं आली. नव्या पिढीचे वागळे सुमीत राघवन. आणि घरातले वडीलधारे कोण? तेच, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. तीन दशकांनी तेच दोघं, त्याच आडनावाच्या घरात, आता आजी-आजोबा. या मालिकेनं एक हजाराच्या वर भाग केले. पूर्वी दूरदर्शन सहसा तेरा भागांची मंजुरी द्यायचं, आवडलं तर पुढे वाढवायचं. त्यापुढे हजार हा आकडा जरा डोळ्यांसमोर आणा.

टेप पुसली जाते, आठवण पण

आता शेवटचा मुद्दा, आणि हा भाग मी का केला त्याचं खरं कारण.

टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात व्हिडिओ टेप फार महाग असायची. कार्यक्रम झाला की तीच टेप पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरायची, ही सर्रास पद्धत होती. आपल्याकडेच नाही, बीबीसीनं पण हेच केलं. तिथल्या 'डॉक्टर हू'चे नव्वदहून जास्त भाग याच कारणानं आज सापडत नाहीत. आपल्या मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दशकातलं किती काही असंच गेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप न घेता ओव्हरराइट.

'वागले' त्या मानानं नशीबवान, तिचे काही भाग आज बघायला मिळतात. पण पुसलं जाण्याचा आणखी एक प्रकार असतो. टेप शिल्लक असते आणि तिच्यातलं माणूस आठवणीतून जातं. जुन्या टीव्हीबद्दलची कुठलीही यादी काढून बघा. शाहरुखचा तो एक भाग असतोच. लक्ष्मण असतात, कुंदन शाह असतात, आणि असायलाच हवेत. राधिकाबद्दल काय लिहिलेलं असतं? 'आणि त्याची पत्नी.' तीन शब्द.

हे तीन शब्द मला खुपतात, कारण माझ्या आजीला जे मिळालं ते 'आणि त्याची पत्नी'कडून मिळालं. पडणाऱ्या, ओरडणाऱ्या, सोंगं घेणाऱ्या विनोदाचं श्रेय देणं सोपं, तो दिसतो. ऐकणाऱ्या माणसाचा विनोद दिसत नाही, म्हणून त्याची नोंद होत नाही. आणि आपल्या घरांत ऐकायचं काम बहुतेक वेळा कुणाकडे असतं, हे मी वेगळं सांगायला नको.

तर या आठवड्याचा गृहपाठ. मोबाइल सगळ्यांच्या हातात आहे. आईला, आजीला, मावशीला, शेजारच्या काकूंना एक प्रश्न विचारा: टीव्हीवरची कोणती बाई तुम्हाला हसवायची? आणि नुसतं नाव घेऊन थांबू नका, पुढे विचारा की ती काय करायची म्हणून हसू यायचं. रेकॉर्डर सुरू ठेवा. शब्द जसे येतील तसे येऊ द्या, वऱ्हाडी असोत, झाडीबोली असो, नागपुरी हिंदी असो, काही सुधारू नका. फाइलला नाव आणि तारीख द्या आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. टेप पुन्हा पुसायची वेळ आपल्यावर येऊ नये.

आणि जमलं तर आज रात्री 'वागले'चा एखादा जुना भाग लावा. चित्र खराब आहे, आवाज खरखरतो, चालतं. वागळे बोलत असतील तेव्हा त्यांच्याकडे बघू नका. राधिकेच्या हातांकडे बघा.

पुढच्या भागात आपण परत जमिनीवर येतोय, विषय आहे नागपूरच्या कापड गिरण्यांचा भोंगा. तोवर ऐकत राहा, वाचत राहा आणि घरच्यांशी बोलत राहा. चला, भेटूच!